आधी सुख, मग विद्या

जूनच्या अखेरीस आपल्या वऱ्हाडात शाळा उघडतात. मृगाचा पाऊस एक तर येऊन गेलेला असतो, नाही तर येतो येतो म्हणून हूल देत असतो. काळ्या रानात सरकी टोबण्याची घाई चाललेली असते. त्याच धांदलीत एखादा बाप पोराचे मनगट धरून शाळेच्या दाराशी येतो आणि म्हणतो, "गुरुजी, हे पोट्टं लय हूड हाय. हाडं आमची, मास तुमचं; पन याले शिकवा."

वाचकहो, हे बोलणे आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे. त्यात गुरुजींवरचा मोठा विश्वास आहे, आणि त्या विश्वासाच्या पोटात एक समजूतही आहे. विद्या मिळते ती दुःख सोसून. सुख हे मागाहून, शिक्षण संपल्यावर, नोकरी लागल्यावर. जणू सुख म्हणजे कापूस आणि शाळा म्हणजे नांगरटीचे कष्ट. माझे स्वतःचे बालपण ह्याच समजुतीखाली गेले. पण ह्याच आपल्या भूमीत दीड हजार वर्षांपूर्वी एक दुसरी समजूत नांदत होती. तिच्यात सुख हे पीक नव्हते, बियाणे होते. तिची ओळख आज करून द्यावी असा विचार आहे.

सुरुवात वाशीमपासून करू. वाशीम आपल्या परिचयाचे गाव. १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी १ जुलैला त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. ह्या वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक राजघराण्याची एक शाखा येथून राज्य करीत असे. १९३९ साली वाशीमलाच ह्या शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला, आणि वा. वि. मिराशी यांच्यासारख्या संशोधकांच्या परिश्रमाने हा विसरलेला इतिहास उजेडात आला. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या शाखेचा हरिषेण नावाचा राजा होऊन गेला. त्याचा सचिव वराहदेव. ह्या वराहदेवाने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले आणि ते भिक्षुसंघाला दान दिले. लेण्याबाहेर भिंतीवर त्याचा शिलालेख आहे. राजांची वंशावळ सांगून झाल्यावर लेखाच्या शेवटी जी इच्छा व्यक्त केली आहे ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सगळ्या जगाचे दोष नाहीसे व्हावेत आणि जेथे शोक नाही, ताप नाही, अशा शांत स्थानी ते पोहोचावे, अशी ती इच्छा आहे. तिच्यात स्वतःच्या राज्याची वाढ मागितलेली नाही, जगाचे सुख मागितले आहे.

ह्याच लेण्यात, उजव्या हाताच्या भिंतीवर, बुद्धचरित्रातील प्रसंग रंगवलेले आहेत. त्यांतला एक प्रसंग आम्हा मास्तरमंडळींच्या जिव्हाळ्याचा आहे. तो आहे बाल सिद्धार्थाच्या शाळेचा. चित्र आज बरेच झिजले आहे. पण राजपुत्र एकटाच शिकत नाही, इतर मुलांच्या सोबतीने शिकतो आहे, हे त्यात दिसते. 'ललितविस्तर' ह्या जुन्या संस्कृत ग्रंथात ह्या शाळेची हकीकत आली आहे. मुले मुळाक्षरे घोकू लागतात आणि प्रत्येक अक्षरातून एकेक अर्थ उमलतो. 'अ' म्हणताच 'अनित्य' ऐकू येते. अक्षर आणि अर्थ यांची तेथे ताटातूट झालेली नाही. वऱ्हाडच्या राजाच्या सचिवाने दिलेल्या लेण्यात शाळेचे चित्र असावे, ही गोष्ट मला नेहमी मोलाची वाटत आली आहे.

अशी विहारे ही नुसती राहण्याची जागा नव्हती. भिक्षू पावसाळ्याचे महिने एका ठिकाणी राहत. तेथे पाठांतर चाले, शंका विचारल्या जात, नवे भिक्षू जुन्यांच्या हाताखाली तयार होत. विनयपिटकात गुरुशिष्यांचे नियम दिले आहेत. गुरूने शिष्याला पुत्र मानावे आणि शिष्याने गुरूला पिता मानावे. शिष्याने गुरूची सेवा करावी हे आपल्याला नवे नाही. पण पुढे असेही सांगितले आहे की, शिष्य आजारी पडला तर गुरूने त्याची सेवा करावी. त्याला दातवण द्यावे, तोंड धुवायला पाणी द्यावे, पेज द्यावी. गृहस्थांसाठी असलेल्या 'सिगालोवाद' सूत्रात शिक्षकाची जी पाच कर्तव्ये आहेत, त्यांतले एक असे की, त्याने आपल्या शिष्याविषयी चारचौघांत चांगले बोलावे. हे कर्तव्य आपण लक्षात ठेवू. त्याच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

आता मुख्य गोष्ट. ती घडते एका जांभळीच्या झाडाखाली.

घर सोडल्यानंतर गौतमाने सहा वर्षे उग्र तप केले. अन्न इतके तोडले की शरीराचा सापळा झाला. दुःख सोसल्याशिवाय ज्ञान नाही, ही त्या काळच्या तपस्व्यांची पक्की धारणा होती. आपल्या त्या बापाची नि गुरुजींचीही तीच, असे म्हणायला हरकत नाही. पण ज्ञान काही मिळाले नाही. अशा वेळी गौतमाला लहानपणची एक आठवण झाली. वडील कामात होते आणि आपण जांभळीच्या गार सावलीत बसलो होतो. मन आपोआप शांत झाले होते, आनंदाने भरले होते. परंपरा सांगते की तो पेरणीच्या नांगरटीचा उत्सव होता. आठवणीपाठोपाठ त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला. ह्या सुखात वासना नाही, कोणाचे वाईट नाही. मग मी ह्या सुखाला भितो कशाला? त्याचा निश्चय झाला. पण इतक्या खंगलेल्या शरीराने ते सुख साधणार नाही हे ओळखून त्याने आधी अन्न घेतले. बरोबरचे पाच तपस्वी रागावून निघून गेले. त्यांना वाटले, हा बिघडला. 'मज्झिमनिकाया'त स्वतः बुद्धाच्या तोंडी ही हकीकत आली आहे.

मंडळी, क्रम नीट पाहा. आधी सुखाची भीती गेली. मग पोटात अन्न गेले. मग मन स्थिर झाले. आणि त्यानंतर ज्ञान झाले. बोधिवृक्षाचे नाव जगभर झाले, पण त्याच्या आधी एक जांभळीचे झाड आहे आणि त्या झाडाखाली एक सुखी मूल बसले आहे, हे आपण विसरतो.

हाच क्रम पुढे बुद्धाच्या उपदेशात पुनःपुन्हा येतो. वागणूक नीट असली की मनाला टोचणी राहत नाही. टोचणी नसली की मन प्रसन्न होते. प्रसन्नतेतून आनंद, आनंदातून शरीराची विश्रांती, विश्रांतीतून सुख, आणि सुखी माणसाचे चित्त एकाग्र होते. एकाग्र चित्ताला वस्तू जशी आहे तशी दिसते. ह्या साखळीला पाली ग्रंथात पावसाचा दाखला दिला आहे: डोंगरावर पाऊस पडतो, घळी भरतात, ओढे भरतात, नद्या भरतात, शेवटी समुद्र भरतो. आपल्याकडचे बोलायचे तर गाविलगडाच्या माथ्यावर पाऊस पडला म्हणजे शहानूर आणि चंद्रभागा भरतात, आणि मग पूर्णेला पूर येतो. पूर्णेच्या काठी उभे राहून "पूर ये" म्हणून ओरडल्याने पूर येत नाही. तसेच वर्गात "लक्ष द्या, लक्ष द्या" असे ओरडल्याने लक्ष लागत नाही. लक्ष हे खालचे पाणी आहे. पाऊस वर पडावा लागतो.

मग ह्या सुखाची साधना कशी करीत? तीन गोष्टी प्रमुख.

पहिली शील, म्हणजे साधी सरळ वागणूक. बुद्धाचा मुलगा राहुल. तो अगदी लहान असताना, परंपरेप्रमाणे सात वर्षांचा असताना, बापाने त्याला खोटे न बोलण्याविषयी धडा दिला. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडे पाणी उरले होते. ते दाखवून बुद्ध म्हणाले की, जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे साधुत्व एवढेच थोडे असते. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, आणि प्रत्येक वेळी तीच गोष्ट पुढे नेली. शेवटी विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे की ह्याने मला किंवा दुसऱ्याला पीडा होते काय. छडी नाही, शाप नाही. हाताशी असलेले भांडे आणि रोजचा आरसा. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बैराटच्या शिलालेखात लोकांनी ऐकावेत असे जे उपदेश सांगितले आहेत, त्यांत राहुलाला दिलेला हा उपदेशही आहे.

दुसरी साधना आनापान, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे पाहणे. श्वास रोखायचा नाही, लांबवायचा नाही; आला तसा आला, गेला तसा गेला, इतके जाणायचे. मन दुसरीकडे गेले तर रागवायचे नाही, परत आणायचे. गुराखी जसा भरकटलेल्या वासराला हाकून कळपात आणतो तसे.

तिसरी मैत्री. आधी स्वतःचे बरे चिंतायचे, मग जवळच्याचे, मग ओळखीच्याचे, आणि शेवटी ज्याच्याशी आपले पटत नाही त्याचेही.

आणि जो मंदबुद्धी म्हणून टाकला जातो, त्याचे काय? त्याची गोष्ट चुल्लपंथकाची. चार महिने घोकूनही त्याला एक श्लोक पाठ होईना. थोरल्या भावाने सांगितले, तू ह्या शाळेच्या कामाचा नाहीस, घरी जा. तो रडत दाराशी उभा असताना बुद्ध भेटले. त्यांनी त्याला पांढऱ्या कापडाचा एक स्वच्छ तुकडा दिला आणि मळ जाण्याविषयीचा एकच शब्द म्हणत तो हाताने चोळायला सांगितले. चोळता चोळता कापड मळले, आणि मन कसे मळते हे पंथकाला त्या कापडात कळले. ज्याला पाठांतर येत नव्हते त्याला हातांनी शिकता आले. शिकवणाराने वाट बदलली; मुलाला बदलून टाकले नाही.

येथवर सारे गोड वाटते. पण वाचकहो, येथेच एक धोका आहे. डोळे मिटून श्वास पाहा म्हणजे झाले, असे कोणी समजेल. बुद्धाने तसे समजू दिलेले नाही. आळवी गावच्या शेतकऱ्याची कथा ऐका. त्याला उपदेश ऐकायला यायचे होते, पण सकाळी त्याचा बैल हरवला. रानोमाळ हिंडून बैल सापडला तेव्हा दिवस बराच चढला होता, आणि तो तसाच उपाशी सभेत आला. बुद्ध त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मगच बोलायला सुरुवात केली. भिक्षू कुजबुजले, तेव्हा त्यांना सांगितले की भुकेएवढा मोठा रोग नाही. बैल हरवणे म्हणजे काय हे वऱ्हाडात कोणाला समजावून सांगायला नको. ज्या घरी नापिकी आहे, कर्जाची काळजी आहे, त्या घरचे मूल वर्गात बसते तेव्हा ते एकटे बसत नाही. घराची काळजी त्याच्या शेजारी बसलेली असते.

भुकेसारखाच दुसरा रोग अपमानाचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वऱ्हाडातूनही माणसे गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेब उत्साहाविषयी बोलले. उत्साहाचे मूळ मनात असते, असे ते म्हणाले, आणि उदाहरण दिले ते शाळेचे. जात काढून, तुला वरचा वर्ग कशाला हवा, असे ज्या मुलाला मास्तर सुनावतो, त्याच्या मनात उत्साह यायचा कोठून? मला वाटते, बौद्ध विचारातील सुख आणि शिक्षण यांचा संबंध इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितला नसेल. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात उलटा अनुभवही आला होता. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर ह्या शिक्षकाने त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका मास्तराने दिलेले ते पुस्तक किती दूरवर पोहोचले ते आपण पाहतोच आहोत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्धांची नोंद झाली, आणि अकोला जिल्ह्यात तर दर शंभरांत अठरा माणसे बौद्ध होती. आपल्या गावोगावच्या विहारांत आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाचे वाचन चालते. अक्षर न शिकलेली म्हातारी माणसेही ते मन लावून ऐकतात. ती एक शाळाच आहे.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात खेड्यातून येणारा एक मुलगा होता. तो रोज उशिरा येई आणि मागच्या बाकावर डुलक्या घेई. एके दिवशी मी सगळ्या वर्गासमोर त्याला म्हणालो, "झोपायलाच यायचे तर घर काय वाईट आहे?" वर्ग हसला. माझ्या बोलण्याला हशा मिळाला म्हणून मलाही बरे वाटले. तो मुलगा त्यानंतर वर्गात दिसला नाही. पुढे कळले की तो रात्री ओलिताला पाणी द्यायला शेतावर जात असे आणि पहाटेच्या गाडीने कॉलेजात येत असे. शिष्याविषयी चारचौघांत चांगले बोलावे, हे वाक्य मी 'सिगालोवादा'त त्याच्याही आधी वाचले होते; परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. वाचलेले आणि शिकलेले ह्यांत अंतर असते, ते असे.

आजच्या काळातही ह्या साधनांचा शिक्षणात प्रयोग चालला आहे. आपल्या राज्यात शिक्षण खात्याच्या 'मित्र उपक्रमा'तून शाळांत थोडा वेळ आनापान करवून घेण्याचा प्रयत्न झाला. दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८ मध्ये 'आनंदाचा अभ्यासक्रम' सुरू झाला. त्याच्या आरंभाला दलाई लामा हजर होते. इंग्लंडात तर ८५ शाळांतील ८ हजारांवर मुलांवर मोठी पाहणी झाली आणि २०२२ साली तिचे निष्कर्ष आले. ते दोन्ही अंगांनी पाहण्याजोगे आहेत. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना मन एकाग्र करण्याचे धडे दिले, पण नेहमीच्या चांगल्या शिक्षणापेक्षा त्यांचा मुलांच्या मनःस्वास्थ्याला अधिक उपयोग झालेला दिसला नाही. मात्र हे धडे देण्यासाठी तयार झालेल्या शिक्षकांचा थकवा काही काळ कमी झाला, आणि शाळेचे वातावरण थोडे सुधारले.

मला ह्यात निराश होण्यासारखे काही दिसत नाही. उलट जुनीच गोष्ट नव्याने सिद्ध झाली असे वाटते. मुलांना डोळे मिटायला लावून गुरुजी स्वतः हजेरीपत्रक भरीत बसले, तर तो एक तास आणखी वाढला, इतकेच. पाऊस वर पडावा लागतो. आणि शाळेत वरची जागा गुरुजींची आहे. सुरुवात तेथून व्हावी.

येथे कोणी विचारील, हा धर्माचा प्रचार तर नव्हे? प्रश्न रास्त आहे. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे आपल्या राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते, आणि ते योग्यच आहे. पण श्वासाला जात नाही आणि धर्म नाही. खरे बोलणे, भुकेल्याला आधी जेवू घालणे, मुलाचा चारचौघांत अपमान न करणे, ह्यासाठी कोणाला दीक्षा घ्यावी लागत नाही. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे ह्या दोन्हींना बंदी केली आहे. कायद्याने छडी हातातून काढून घेतली. जिभेवरची छडी मात्र आपली आपणच खाली ठेवायची आहे.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे एवढेच. वर्गात शिरण्यापूर्वी दाराबाहेर क्षणभर थांबा आणि आपले चारपाच श्वास पाहा. घरचा राग, साहेबाचा कागद, पगाराची काळजी उंबऱ्याबाहेर राहते का ते पाहा. मग आत जाऊन आधी नजर फिरवा: कोण उपाशी आहे, कोण जागरणाने पेंगुळला आहे, कोण कालच्या बोलण्याने दुखावला आहे. त्याच्याशी दोन शब्द बोला आणि मग फळ्याकडे वळा. अभ्यासाची पाच मिनिटे ह्यात जातील. पण उरलेली तीस खऱ्या अर्थाने हाती लागतील. आणि आईबापांना सांगणे असे की, पोराला शाळेत घालताना गुरुजींना मांस देऊ नका, हाडेही देऊ नका. "याले शिकवा, अन् याचं कायी चुकलं तर मले सांगा," एवढेच म्हणा.

ज्या सुमारास शाळा उघडतात त्याच सुमारास आपल्याकडे जांभळे पिकतात. पोरांचे खिसे आणि जिभा जांभळ्या झालेल्या असतात. यंदा एखादे पोर जांभळीखाली बसून उशिरा वर्गात आले, तर त्याला बाकावर उभे करण्यापूर्वी जरा विचारून पाहा, "काय रे, तिथे काय करत होतास?" आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्या.